परक्या देशातल्या खेड्यात मुक्काम : स्वयंसेवकांचे अनुभव

राहण्याच्या घरापासून सुरुवात करते, कारण ते बिनसलं की कामही बिनसतं. भाडं, जेवणाचा वाटा, सरपण, पाणी कोण भरणार, पाहुणा आलेला चालेल का, हे सगळं पहिल्याच आठवड्यात संस्थेच्या स्थानिक माणसासमोर बोलून कागदावर घ्या. दोन महिन्यांनी विषय काढला तर यजमानांना ती तक्रार वाटते. पैसे ठरल्या तारखेला, घरातल्या एकाच व्यक्तीच्या हातात द्यावेत. खोलीला आतून कडी हवी, यावर तडजोड करू नका.

गावप्रमुखाला भेटायला एकट्याने जाऊ नये; ज्या स्थानिक सहकाऱ्याबरोबर काम करायचं त्यानेच ओळख करून द्यावी. पहिले तीन महिने नवं काम काढू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या काळात गावाचा नकाशा लोकांकडून जमिनीवर काढून घ्या. बायकांचा गट आणि पुरुषांचा गट वेगळा बसवा. पुरुषांच्या नकाशात रस्ते आणि शेतं ठळक येतात, बायकांच्या नकाशात पाणवठे आणि सरपणाच्या वाटा. मग बारा महिन्यांचा तक्ता करा: पेरणी, कापणी, धान्य संपायचे महिने, आजारपणाचे महिने. ऐन कापणीत बोलावलेल्या बैठकीला माणसं येत नाहीत. त्यात अनास्था नसते, त्यांना सवड नसते.

*

पिण्याच्या पाण्याचं मी सांगतो. गढूळ पाणी आधी निवळू द्या आणि स्वच्छ सुती कापडातून गाळा. नंतर खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या; गाव 2000 मीटरपेक्षा उंचावर असेल तर तीन मिनिटं. सरपणाची टंचाई असेल तर क्लोरीन वापरा. बिनवासाच्या घरगुती ब्लीचची तीव्रता 5 ते 6 टक्के असेल तर लिटरला दोन थेंब टाका, पाणी गढूळसर असेल तर चार, आणि अर्धा तास झाकून ठेवा. अर्ध्या तासानंतर क्लोरीनचा हलका वास यायला हवा. तो नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून आणखी पंधरा मिनिटं थांबा. उन्हात ठेवलेल्या बाटलीतलं ब्लीच कमजोर होत जातं, म्हणून लहान बाटली घ्या.

शुद्ध केलेलं पाणी बिघडतं ते साठवणीत. उघड्या बादलीत पेला बुडवला की हाताची घाण पाण्यात गेलीच. तोटीचं झाकणबंद भांडं घ्या.

*

औषधांबद्दल थोडक्यात. हिवतापाची गोळी डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, पण ती थांबवायची कधी हेही विचारा. डॉक्सीसायक्लिन जाण्याआधी एक-दोन दिवस सुरू करतात आणि तो भाग सोडल्यावरही चार आठवडे रोज घेतात. परतल्यावर बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात, आणि ताप तेव्हाच गाठतो. ती गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्यावी, लगेच आडवं होऊ नये. अन्ननलिकेला जखम होऊ शकते. मच्छरदाणी गादीखाली खोचा आणि धुतल्यावर सावलीत वाळवा, कारण उन्हाने तिच्यातलं कीटकनाशक उतरतं.

कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लशीसाठी निघा. जवळची लस कुठे मिळते, तिथे पोचायला किती तास लागतात, हे गावात पाऊल टाकताच विचारून ठेवायची गोष्ट आहे. जलसंजीवनीची पाकिटं संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून अंदाजाने टाकू नका.

*

हापशांवर काम करणाऱ्यांसाठी लिहितो. इंडिया मार्क टू हा पंप अनेक देशांत दिसेल. तो उघडण्याआधी त्याचं ऐका. धार बारीक आली तर सिलिंडरमधले, म्हणजे पाइपांच्या तळाशी पाण्यात असलेल्या नळकांड्यातले, कप वॉशर (वाटीसारख्या चकत्या) झिजलेत. पाणी यायला बराच वेळ हापसावं लागतं पण नंतर धार चांगली आहे, तर तळाची झडप किंवा पाइपचा सांधा गळतोय. दांडा एकदम हलका लागतो आणि पाणीच नाही, तर साखळी तुटलीय किंवा आतला रॉड सुटलाय.

वॉशर बदलायला सगळे पाइप वर काढावे लागतात. लोखंडी पाइपचा एक तुकडा तीन मीटरचा, साधारण दहा किलोचा, आणि आत पाणी भरलेलं असतं. खालचे पाइप धरून ठेवणारा क्लॅम्प घट्ट बसल्याची खात्री केल्याशिवाय वरचा सांधा खोलू नका. पाइप सटकून विंधणीत पडला की ती विहीर बाद होऊ शकते. पहिल्या धारेला तांबूस, गंजाच्या चवीचं पाणी येत असेल तर पाण्याची आम्लता तपासा. पाणी आम्लधर्मी असेल तर जस्ताचा मुलामा दिलेला पाइपही पोखरला जातो. तिथे तसेच नवे पाइप घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

सुटे भाग कुठल्या बाजारात मिळतात हे पंप बसवायच्या आधी पाहा. माझ्या मते बंद पडलेल्या हापशांचं दुखणं बहुतेकदा हेच असतं: वॉशर स्वस्त असतो, पण तो विकणारं दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असतं. दुरुस्तीसाठी दोघांना शिकवा, त्यात निदान एक बाई असावी, कारण हापशावर रोज तीच असते आणि दांड्याचा बदललेला जोर तिला आधी कळतो. वर्गणीच्या पेटीला दोन कुलपं लावा, किल्ल्या दोन वेगळ्या घरांत ठेवा. जमा-खर्च महिन्यातून एकदा पंपाजवळच मोठ्याने वाचून दाखवायला लावा, तुम्ही गावात असेपर्यंतच त्याची सवय पडायला हवी.