बिब्बा पहिल्या वर्षी उतला नाई, आता नुसता हात लागला तरी उतते, असं काहून?

कास्तकाराचा पोरगा (वाशीम)
राम राम मंडळी. माझी माय चार हिवाळ्यांपासून बिब्बे फोडून गोडंबी काढाले जाते, हाताले तेल अन् राख लावून बसतेत सगळ्या बाया. पहिल्या वर्षी तेल उडलं तेवढ्या जागी काळे डाग पडले, बाकी काई नाई. औंदा टरफलाच्या पोत्याले हात लागला फक्त, अन् दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत फोड, डोळे सुजून बंद. गल्लीतल्या बाया म्हणतेत तिचं रक्त खराब झालं. तिनं हे मनाले लावून घेतलं, जेवत बी नाई नीट.

मी बीएस्सीले आहो म्हणून विचारतो. पुस्तकात हाय की इम्युनिटीले प्रोटीनसारखे मोठे रेणूच दिसतात. बिब्ब्याच्या तेलातल्या भिलावनॉलचा रेणुभार तर 320 च्या आसपास. साखरेचा 342, तिच्यानं काई होत नाई. मग यानंच काहून?

रसायन शिकवते (अमरावती)
साखरेशी तुलना केलीस ते फार छान केलंस, कारण उत्तर तिथंच आहे. पुस्तक बरोबर आहे, एकटा भिलावनॉल शरीराला दिसतच नाही. पण तो एकटा राहत नाही ना, आपल्याच कातडीच्या प्रोटीनला जाऊन चिकटतो. अशा बारक्या रेणूला हॅप्टेन म्हणतात, हे नाव कार्ल लँडस्टायनरचं, रक्तगट शोधले म्हणून 1930 चं नोबेल मिळालं तोच.

आता रचना बघ. एका बाजूला 15 कार्बनची लांब शेपटी, ती तेलकट, म्हणून कातडीच्या वरच्या थरातून आत झिरपते. साखर पाण्यात विरघळणारी, ती वरच राहते. दुसऱ्या बाजूला बेंझीनचं कडं आणि त्यावर शेजारी शेजारी दोन ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या. कातडीत याचं ऑक्सिडेशन होऊन क्विनोन बनतो, आणि क्विनोन प्रोटीनमधल्या सल्फर नाहीतर नायट्रोजनला पक्का बंध करून बसतो, धुतला तरी निघत नाही. त्या दोन ओएचना मिथाइल (एका कार्बनचा छोटा गट) लावून बांधून टाकलं तर क्विनोन बनणारच नाही, मग शेपटी कितीही लांब असो. शेपटीत दुहेरी बंध जास्त असतील तर त्रास जास्त, हेही दिसलेलं आहे.

म्हणजे शरीर भडकतं ते बिब्ब्याचं ठिगळ लागलेल्या आपल्याच प्रोटीनवर. लँडस्टायनर आणि जेकब्स यांनी 1935 मध्ये गिनीपिगवर हेच दाखवलं, ज्या क्लोरोबेंझीनमधला (क्लोरीन लागलेल्या बेंझीनमधला) क्लोरीन सहज सुटून प्रोटीनला जागा देतो त्यांनीच अॅलर्जी आणली, ज्यांचा सुटत नाही त्यांनी नाही.

पहिल्या वर्षीचे डाग म्हणजे तेलानं भाजणं. टी पेशी, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, ओळख करून घेतात त्याला साधारण दहा-पंधरा दिवस लागतात आणि वरून काही कळत नाही. एकदा ओळख पटली की पुढच्या वेळी एक-दोन दिवसांत उठतं. आईला सांग, रक्ताचा काही दोष नाही, तिच्या पेशींनी ते ठिगळ लक्षात ठेवलंय एवढंच.

जुना कास्तकार (यवतमाळ)
मले गाजर गवतानं असंच होते, निंदाले गेलो का मान अन् पापण्या लाल. ते बी भिलावनॉलच हाय का बाप्पा?

रसायन शिकवते (अमरावती)
नाही काका, त्यात पार्थेनिन असतं, रचना अगदी वेगळी. दोन ओएचचं कडं नाही, लॅक्टोनचं (ऑक्सिजन असलेलं) कडं आहे आणि त्याच्या बाहेर एक दुहेरी बंध आलेला असतो, तोच प्रोटीनच्या सल्फरला धरतो. त्या बंधात फक्त दोन हायड्रोजन घातले तर रेणू जवळपास तेवढाच राहतो पण चिकटायची ताकद बरीच कमी होते. शेवंतीच्या कुळात असेच रेणू आहेत, म्हणून तिचाही त्रास होऊ शकतो, सांभाळा.

कास्तकाराचा पोरगा (वाशीम)
मॅडम, मायच्या ओठाले आंब्याच्या सालीनं बी खाज सुटून राह्यली यंदा. तेच का?

रसायन शिकवते (अमरावती)
असू शकतं. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले, आंब्याच्या चिकात आणि काजूच्या टरफलाच्या तेलात तशीच लांब शेपटीवाली संयुगं आहेत. टी पेशी फसतात, त्यांनाच बिब्बा समजतात. साल काढून, चीक धुऊन दे तिला.

आशाताई (मेळघाट)
डोळे बंद होईस्तोवर सूज आहे तर घरगुती लेप लावत बसू नका, पीएचसीत दाखवा. नुसत्या पाण्यानं ते तेल निघत नाही, हात लागला की लगेच साबणानं धुवायचं, पदर अन् लुगडं बी. आणि टरफलं चुलीत घालू नका हो, धुरासोबत तेल तोंडावर येतं, आमच्याकडे अख्खं घर उतलेलं मी पाहिलंय.

कास्तकाराचा पोरगा (वाशीम)
टरफलं आम्ही चुलीतच घालून राह्यलो होतो! आजपासून बंद. मायले सगळं वाचून दाखवलं, दोनदा इचारलं तिनं, "म्हंजे रक्त चांगलं हाय ना?" रात्री भाकर खाल्ली तिनं. सकाळच्या एसटीनं दवाखान्यात नेतो.