बॉल पायथनच्या टँकचं हीटिंग कसं करू?

निशाचर: नमस्कार मंडळी, माझा बॉल पायथन (छोटा पाळीव अजगर) तीन फुटी काचेच्या टँकमधे आहे, वर जाळीचं झाकण, खाली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई). काचेवर चिकटवलेला थर्मामीटर २७ अंश सेल्सिअस दाखवतो पण हा दिवसभर पाण्याच्या भांड्यात वेटोळं करून बसतो. अजून एक मॅट लावू का?

वेटोळे: अजिबात नको!! आधी सांग थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला मॅट आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) आहे का? नसेल तर मॅट आत्ताच बंद कर, काचेवरचा थर्मामीटर फक्त काचेचं तापमान सांगतो, मॅटवरची जमीन ४० च्या वर गेली तरी तो २७ च दाखवेल आणि साप पोटाखाली भाजतो तरी पटकन हलत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं वायरचं टोक) अगदी मॅटच्या वर ठेव. गरम बाजू ३१-३३, थंड बाजू २५-२७ पुरे.

कात: पाण्यात बसणं म्हणजे एकतर उष्णता, नाहीतर माइट्स (सापाचं रक्त शोषणारे बारीक किडे), नाहीतर लपायला जागा नाही. भांड्याच्या तळाशी काळे बारीक ठिपके दिसतात का बघ, डोळ्याच्या कडेला आणि हनुवटीखालीपण. दिसले तर सरळ व्हेटकडे ने.

निशाचर: ठिपके नाहीत. थर्मोस्टॅटपण नाही, मॅट काढली. लपायला एकच गुहा आहे, गरम बाजूला.

वेटोळे: मग बिचारा जाणार कुठे? थंड बाजूलाही तशीच गुहा दे, अंग तिन्ही बाजूंनी टेकेल एवढी घट्ट. जाळी अर्धीअधिक झाक, आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास राहील. खाली नारळाचा भुसा चालतो, देवदाराचा नको.