मदत हवी आहे: रोमांविषयीच्या बातम्या

नमस्कार मंडळी. पत्रकारितेच्या एम.ए.चा प्रकल्प करतेय, रोमांविषयी (युरोपातला अल्पसंख्य समाज, ज्यांना 'जिप्सी' म्हटलं जातं) पेपरांत काय छापतात यावर, आणि अडकलेय.

ऑक्टोबर 2013 मध्ये ग्रीसमधल्या फार्सालाच्या रोमा वस्तीत पोलिसांना एक सोनेरी केसांची मुलगी दिसली. 'पळवून आणलेली' म्हणून युरोपभर मथळे. डीएनए तपासणीत आईबाप निघाले बल्गेरियातले रोमाच! त्याच सुमारास डब्लिनमध्ये पोलिसांनी अशीच एक मुलगी रोमा कुटुंबाच्या घरातून नेली. ती त्या घरचीच होती. 2014 च्या चौकशी अहवालात त्यावर वांशिक पूर्वग्रहाचा ठपका आला. शंकेला पहिलं पान, खुलाशाला कोपरा, असं दिसतंय. लहानपणापासून 'पारधी टोळी जेरबंद' वाचत आलेय, त्यामुळे ही भाषा नवी नाही वाटली.

जर्मनी, झेकिया, रोमानियात राहणाऱ्यांनो, तिथल्या पेपरांत आरोपीची जमात छापतात का? जर्मन पत्रकारांच्या आचारसंहितेत त्यावर कलम आहे (12.1), पण पाळलं जातं का? रोमांच्या घरांचे, शाळांचे प्रश्न छापून येतात का, की फक्त चोऱ्या? कात्रणांचे फोटो चालतील, भाषांतर माझं मी बघते.

आणि हो, मराठीत 'जिप्सी' न लिहिता नुसतं 'रोमा' लिहिलं तर कळेल ना? आमच्या सरांना रोम शहरातले लोक वाटले.