सिंग्युलर सिंप्लेक्टिक स्पेसची ऑयलर संख्या कुठली धरायची, ८ की २४?

अर्धवट_गणिती:
मंडळी, दोन दिवस एका साध्या उदाहरणाच्या ऑयलर संख्येवर (शिरोबिंदू उणे कडा अधिक पृष्ठं, अशी आळीपाळीने बेरीज-वजाबाकी करून येणारा आकडा) अडकलोय. कॉम्प्लेक्स दोन (म्हणजे रिअल चार) डायमेन्शनचा टोरस, मेदूवड्याच्या पृष्ठभागाचा मोठा भाऊ, घेतला आणि उणे १ ने भागला, म्हणजे प्रत्येक बिंदू त्याच्या उणे बिंदूला चिकटवला. १६ बिंदू जागचे हलत नाहीत, तिथे टोकं येतात (सिंग्युलर बिंदू, म्हणजे जिथे जागा गुळगुळीत राहत नाही). सिंप्लेक्टिक फॉर्मला (दोन दिशांच्या जोडीला आकडा देणाऱ्या मापाला) उणे १ ने काही होत नाही, त्यामुळे गणितज्ञ ब्यूव्हिलच्या सिंग्युलर सिंप्लेक्टिक स्पेसच्या २००० सालच्या व्याख्येत हे आरामात बसतं. आता मोजू. टोरसची ऑयलर संख्या ०, १६ बिंदू काढले उणे १६, निम्मे केले उणे ८, १६ परत टाकले, झाले ८. पण टोकं ब्लो-अप केली (प्रत्येकाच्या जागी गुळगुळीत तुकडा बसवला) की के-थ्री सरफेस नावाचा गुळगुळीत सरफेस येतो आणि त्याचे २४! वाटलं इंटरसेक्शन होमॉलॉजी (टोकं असलेल्या जागांसाठीची भोकं मोजायची पद्धत) तरी वाचवेल, तर तिथेही ८च. मग इन्व्हेरियंट (जागेची पक्की ओळख सांगणारी गोष्ट) म्हणायचं तरी कशाला?

टोकाचं_बोला:
तिथे ८ येणारच रे. टोकाभोवतीचा लिंक (त्याला वेढणारं छोटं कवच) म्हणजे तीन डायमेन्शनचा स्फिअर भागिले उणे १, त्याच्यात जे काही वेगळं आहे ते सगळं २ चं टॉर्शन (दुप्पट केलं की शून्य होणारं), आणि रॅशनल कोएफिशियंट (अपूर्णांक चालणारे गुणक) घेतलेस की ते गायब. तुला हवाय तो ऑर्बिफोल्ड (ग्रुपने भागून आलेल्या जागेचा) ऑयलर नंबर, १९८५ मध्ये स्ट्रिंग थिअरीवाल्यांनी आणलेला (डिक्सन, हार्वी, वाफा, विटन). ग्रुपमधल्या (इथे १ आणि उणे १) आपसात कम्यूट होणाऱ्या, म्हणजे क्रम बदलला तरी फरक न पडणाऱ्या, जोड्या घ्यायच्या, इथे चारच आहेत, आणि प्रत्येक जोडीत दोघांनीही न हलवलेल्या भागाची ऑयलर संख्या मांडायची. १ आणि १ ची जोडी पूर्ण टोरस देते म्हणजे ०, उरलेल्या तिघी प्रत्येकी १६, एकूण ४८, भागिले २, आले २४. रिझोल्युशनला (टोकं गुळगुळीत करण्याला) हातसुद्धा लावला नाही.

शंकेखोर:
हो पण इथे क्रेपंट रिझोल्युशन (व्हॉल्यूम फॉर्म न बिघडवता टोकं गुळगुळीत करणारं) आहे म्हणून जुळतंय. कॉम्प्लेक्स चार डायमेन्शनचा टोरस घेऊन हेच करा, २५६ टोकं येतील आणि त्यांना क्रेपंट रिझोल्युशन नाहीच, मग २४ सारखा आकडा आणणार कुठून?

टोकाचं_बोला:
खरी मजा तिथेच आहे. टोक ब्लो-अप केलं की त्याजागी प्रोजेक्टिव्ह थ्री-स्पेस (टोकातून जाणाऱ्या कॉम्प्लेक्स रेषांची जागा) येते, तिची ऑयलर संख्या ४. सरळ मोजलं तर टोकं सोडून उरलेल्या भागाचे उणे १२८ (उणे २५६ चे निम्मे) अधिक २५६ गुणिले ४, म्हणजे ८९६, आणि हा आकडा काही कामाचा नाही, दुसरं रिझोल्युशन घेतलंस तर बदलेल. गणितज्ञ बातिरेवची युक्ती अशी की त्या तुकड्याची डिस्क्रेपन्सी (व्हॉल्यूम फॉर्म त्यावर किती पटीने शून्य होतो तो आकडा, इथे १) अधिक १ ने भागायचं. ४ भागिले २, टोकाला २ मिळाले. उणे १२८ अधिक ५१२, ३८४. आता जोड्यांनी करून बघ, ० अधिक तीनदा २५६, भागिले २. तेच ३८४! क्रेपंट रिझोल्युशन नसलं तरी आकडा आहे.

गाठ_सैल_कर:
फक्त ऑयलर संख्येवर विसंबू नका हां. के-थ्री सिंप्ली कनेक्टेड (त्यातला कुठलाही लूप आकसून बिंदू होतो) असतो, पण टोकं काढून उरलेल्या गुळगुळीत भागाचा फंडामेंटल ग्रुप (न आकसणाऱ्या लूपांचा हिशोब) बघा, इन्फिनाइट आहे. रिअल चार डायमेन्शनमधून बिंदू काढल्याने लूप अडकत नाहीत, त्यामुळे टोरसचे चारही लूप तसेच शिल्लक राहतात आणि उणे १ मुळे वर आणखी एक दुपदरी (दोनदा फिरला की सुटणारा) लूप येतो. रिझोल्युशन केलं की हे सगळं पुसलं जातं. मला तर हाच इन्व्हेरियंट जास्त आवडतो, मूळ टोरस त्यातूनच परत सापडतो.

अर्धवट_गणिती:
३८४ दोन्ही रस्त्यांनी करून बघितलं, जुळलं. पहिल्यांदा ७६८ येत होतं, शेवटी २ ने भागायचंच विसरलो होतो 😅 आता रात्री तो फंडामेंटल ग्रुप कागदावर मांडतो.