मदत हवी आहे: अण्णांना घेऊन दूधसागरच्या घाटात गाड्या बघायला जायचंय, मुक्काम कुठे करावा?

मंडळी, दिवाळीचे पाहुणे परतले की वडिलांना (आम्ही अण्णा म्हणतो) तीन-चार दिवस कॅसलरॉक ते कुळे या घाटात न्यायचं ठरवतोय. समुद्र, खरेदी, देवदर्शन यांतलं काही नको. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाड्या बसून बघायच्या, एवढाच कार्यक्रम. त्या भागात राहिलेल्या किंवा नोकरी केलेल्या कुणी मार्गदर्शन केलं तर फार बरं होईल.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. अण्णा मिरजेला मीटरगेजवर (एक मीटर रुंदीच्या रुळांवर) इंजिनात कोळसा टाकणारे फायरमन म्हणून लागले आणि ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. त्या काळी मुंबई-पुण्याहून गोव्याला जाणारा माणूस मिरजेला मोठ्या लाईनवरून (ब्रॉडगेज) उतरायचा आणि छोट्या गाडीत बसून लोंढामार्गे वास्को गाठायचा. पंढरपूरची नॅरोगेजही तिथंच, म्हणजे तीन मापांचे रूळ एकाच स्टेशनात. अण्णा काही वर्षं कॅसलरॉकला होते. नव्वदच्या दशकात ती लाईन ब्रॉडगेज झाली आणि त्यानंतर त्यांचं तिकडं जाणं झालंच नाही. आता त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानं येतंय तोवर घाट चढणाऱ्या इंजिनांचा आवाज त्यांना परत ऐकवायचा आहे. यंदा राहून गेलं तर पुढच्या वर्षाची खात्री मला देता येत नाही.

ज्यांनी हा घाट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं लिहितो. कॅसलरॉक कर्नाटकात, कुळे गोव्यात. मधलं अंतर साधारण २६ किलोमीटर आणि चढ १:३७, म्हणजे सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर. करंझोळ, दूधसागर, सोनावळी ही मधली स्टेशनं जंगलातच आहेत. मुरगाव बंदरातून कोळसा भरून बल्लारीकडं निघालेली मालगाडी पुढच्या इंजिनांच्या बळावर एवढा चढ चढू शकत नाही, म्हणून मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात. उतरणीचं काम याहून जोखमीचं, असं अण्णा सांगतात. घाटात कॅच सायडिंग असतात. मुख्य लाईनला फुटलेला हा चढाचा रूळ पुढं बंद असतो. उतरणारी गाडी ताब्यात आहे असं दिसल्यावरच तिला मुख्य लाईन मिळते. ब्रेक लागले नाहीत तर ती त्या चढावर जाऊन थांबावी. हे सांगताना अण्णांचा उजवा हात आपोआप ब्रेकच्या दांड्यावर जातो. आता इंजिनाला फायरमन लागत नाही, पण चढ तोच आहे.

नुसतं गाडीत बसून घाट पार करायचा सल्ला घरातल्या बऱ्याच जणांनी दिला. मला तो पटत नाही. आतून फक्त आपलीच गाडी कळते. खालून येणारी गाडी आधी ऐकू येते, मग दिसते, मग शेवटच्या डब्यामागून बँकर जातो, हे बघायला एका जागी थांबावंच लागतं.

रुळांवरून दूधसागरला चालत जाण्याचा सल्ला कृपया देऊ नका. गुडघ्यांमुळे ते शक्य नाहीच, पण तो गुन्हाही आहे. २०२३ च्या जुलैत तसं गेलेल्यांना उठाबशा काढायला लागल्या होत्या, ते आठवत असेल. चाळीस वर्षं रेल्वेची भाकरी खाल्लेल्या माणसाला मी तिथं नेणार नाही.

माझी मुख्य अडचण ही, की कॅसलरॉकला राहावं की कुळ्याला? अण्णांचा ओढा अर्थातच कॅसलरॉककडं. दुसरं म्हणजे प्लॅटफॉर्म तिकीट दोन तासच चालतं, मग दिवसभर बसायचं कसं? आणि कुळ्याहून धबधब्याला जाणाऱ्या जीपमध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बसवावं का?

प्रतिसाद १
कुळेच, डोळे झाकून. बँकर तिथं जोडतात आणि भरलेली गाडी चढाला तिथूनच लागते, म्हणजे तुम्हाला हवा तो आवाज तिथंच. शिवाय जेवणाची सोय आहे आणि रात्री काही दुखलं-खुपलं तर रस्त्यानं फोंडा किंवा मडगाव गाठता येतं. कॅसलरॉक चहूबाजूंनी जंगल. दिवसा एक फेरी मारा, मुक्काम नको. जीपला माझा नकार. वाटेत पाण्यातून जावं लागतं, हाडं खिळखिळी होतात आणि शेवटी दगडांवरून चालायचं असतं. गुडघेदुखीवाल्याला ते झेपत नाही.

प्रतिसाद २
माझे काका रेल्वेत होते म्हणून सांगतो. पहिल्याच दिवशी अण्णांना पुढं घालून स्टेशन मास्तरांना भेटा. निवृत्तीचं ओळखपत्र आणि पास जवळ ठेवा. कुठल्या बाकावर बसू, फोटो काढले तर चालतील का, हे त्यांनाच विचारा आणि ते म्हणतील तसं करा. तिकीट मात्र दर वेळी नवीन काढा, दहा रुपयांसाठी वाद नको. आणखी एक. मिरजेहून रात्रीच्या गोवा एक्स्प्रेसनं गेलात तर घाट अंधारात जाईल. येताना वास्कोहून दुपारी सुटणारी धरा, ती उजेडात चढते.

प्रतिसाद ३
कोरेगावहून लिहितोय. एवढ्या लांब नेण्याआधी अण्णांना एक दिवस आदर्कीला आणा. वाठार स्टेशनहून लोणंदकडं निघालं की साल्प्याच्या घाटात डोंगराच्या कडेनं वळणारी आपली पुणे-मिरज लाईन दिसते. गाडी सावलीला लावायची आणि खुर्ची रस्त्यापासून आत टाकायची. कोयना एक्स्प्रेस आहे, वंदे भारत आहे, मालगाड्याही असतात. किती वेळ बसवतं, ऊन सोसतं का, कानाला कितपत ऐकू येतं, सगळं कळेल. वाठारला दुपारचं जेवण होईल. हे वाठार म्हणजे पूर्वी महाबळेश्वरला जाणारे साहेब लोक उतरायचे तेच स्टेशन, अण्णांना ठाऊक असेलच.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. कोरेगावकर, तुमचा सल्ला अण्णांना वाचून दाखवला. “साल्प्याला इंजिन कसं चढतं ते मला शिकवू नका,” म्हणाले आणि लगेच विचारलं, रविवारी किती वाजता निघायचं. तेव्हा या रविवारी आदर्की नक्की. घाटाचा मुक्काम कुळ्यालाच करतो, कॅसलरॉकला एक दिवस जाऊन येऊ. जीप रद्द. परतीचं तिकीट गोवा एक्स्प्रेसचं, खिडकी अण्णांना.

आता एकच राहिलं. कुळ्यात तळमजल्यावर, कमोड असलेली आणि शक्यतो स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आतली खोली कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.