डब्यासकट वजन करायचं का? दुकानदार ख्रिस्ती कुटुंबांनी आणि बाकीच्यांनी पण सांगा

कोपरखैरणेची_सून

सगळ्यांना प्रभूमध्ये सलाम. आमचं कोपरखैरण्याला ड्रायफ्रूट आणि फरसाणचं दुकान आहे, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मिस्टर आणि मी बघतो आणि हल्ली धाकटे दीर पण गल्ल्यावर बसतात. सासऱ्यांच्या वेळेपासूनची पद्धत अशी की आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, शून्य करायचं आणि मग माल भरायचा. या दिवाळीच्या गर्दीत भाऊजींनी डब्यासकट वजन करायला सुरुवात केली आणि आता नाताळच्या ऑर्डरी आल्या तरी तेच चालू आहे. आमचा किलोचा पुठ्ठ्याचा डबा झाकणासकट साठ ग्रॅम भरतो, म्हणजे हजार रुपये किलोचा काजू असेल तर गिऱ्हाईकाचे साठ रुपये पुठ्ठ्यात गेले.

मी बोलले तर म्हणतात वहिनी सगळी लाईन असंच करते, आपण एकटेच डबा फुकट देत बसलो तर भाडं कसं निघणार. मिस्टर गप्प बसतात. भाऊजी वर असंही म्हणतात की आपण दर महिन्याला मंडळीत दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग देतो ना, देवाचं देवाला जातंय. मला ते पटत नाही पण नीट उत्तर पण देता येत नाही. आणि गेल्या सीझनचे उरलेले बदाम नव्या मालात मिसळायचं पण आता बोलणं चाललंय. खराब नाहीयेत, फक्त जुने आहेत.

मला विचारायचंय की हे खरंच पाप म्हणायचं का की मी उगाच मोठं करतेय, आणि यावरून घरात भांडण काढणं बरोबर आहे का. रविवारी आम्ही सगळे एका बाकावर बसतो, प्रभुभोजन घेतो, आणि माझ्या डोक्यात तो डबाच असतो.

सानपाडा_जुना

सलाम ताई. तुम्ही उगाच मोठं करत नाही आहात. पवित्र शास्त्रात तराजू आणि वजनांबद्दल इतक्या ठिकाणी लिहिलंय की मला कधीकधी वाटतं आपल्याकडे यावर उपदेश का होत नाहीत. लेवीय 19 मध्ये शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर ही आज्ञा आहे ना, त्याच अध्यायाच्या शेवटी खरी तराजू, खरी वजनं, खरी मापं ठेवा असं सांगितलंय. अनुवाद 25 मध्ये तर पिशवीत दोन प्रकारची वजनं बाळगू नको असं स्पष्ट आहे, एक जड आणि एक हलकं, कारण त्या काळी वजन म्हणजे दगड असायचे आणि व्यापारी ते पिशवीत घालून फिरायचे, घेताना जड काढायचा, देताना हलका. आता तुमच्या काट्यावर दगड नाही, बटण आहे, पण शून्य न करता तोलणं म्हणजे तोच दुसरा दगड.

मीखा 6:8 आपल्यात घरोघरी फ्रेम करून लावलेलं असतं, नीतीने वाग, दया कर, देवासमोर नम्रपणे चाल. फार सुंदर वचन. पण तिथून फक्त तीन वचनं पुढे जा, 6:11 ला देव विचारतो की खोटे तराजू आणि कपटाची वजनं बाळगणाऱ्याला मी निर्दोष कसा ठरवू. एकच बोलणं चाललंय तिथे. नीतीने वागणं म्हणजे काय, तर पहिलं उदाहरण दुकानाचं दिलंय.

आणि जुन्या बदामाबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून, आमोस 8 घरी सगळ्यांसमोर वाचा. आमोस काही याजक नव्हता, तकोवाचा मेंढपाळ होता, उंबरांची झाडं सांभाळायचा, त्याला बाजार माहीत होता. तो सांगतो की हे लोक शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळतात खरे पण मनात म्हणतात हा दिवस कधी एकदा संपतो आणि आम्ही धान्य विकायला काढतो, माप लहान करू, वजन मोठं करू, आणि गव्हातली गाळसाळ पण विकून टाकू. शब्बाथ आणि गाळसाळ एकाच वाक्यात आहेत. तुमच्या डोक्यात उपासनेच्या वेळी डबा येतो ना, तो सैतानाचा त्रास समजू नका, मला तर वाटतं पवित्र आत्माच ते सोडून देत नाहीये.

दशांशाचं उत्तर प्रभूने स्वतः दिलंय, मत्तय 23:23. पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश देता पण न्याय, दया आणि विश्वास सोडून दिलात. तो दशांश देऊ नका म्हणत नाही, हे करायचंच आणि ते पण सोडायचं नाही. पण डब्यातल्या साठ रुपयांमधून देवाला सहा रुपये दिले म्हणून उरलेले चोपन्न आपले होत नाहीत. ते सगळेच्या सगळे त्या गिऱ्हाईकाचे आहेत.

घणसोली_प्रॅक्टिकल

काका तुमचा आदर ठेवून बोलतो, पण दुकान चालवणाऱ्याला विचारा. भाडं, लाईट, पोरांचे पगार, ऑनलाईनवाले दहा मिनिटांत घरपोच देतात, आणि गिऱ्हाईक शेजारच्यापेक्षा वीस रुपये जास्त दिसले की सरळ निघून जातं, डबा शून्य केला का हे बघायला कोणी थांबत नाही. जो प्रामाणिक आहे त्याचाच भाव महाग दिसतो. दीर काही चोर नाहीत, घर चालवायला बघतायत. आणि शास्त्रात इस्राएली हेरांना लपवणारी राहाब पण खोटं बोलली, इजिप्तमधल्या सुइणी पण फारोला खोटं बोलल्या आणि देवाने त्यांचं भलंच केलं. प्रत्येक गोष्टीत एवढं काटेकोर राहिलं तर ख्रिस्ती माणसाने धंदा करायचाच नाही का, हा माझा खरा प्रश्न आहे, वाद घालायला विचारत नाही.

सानपाडा_जुना

भाऊ, राहाबने दोन माणसांचा जीव वाचवला आणि स्वतःचा जीव धोक्यात घातला. शिप्रा आणि पुवा या सुइणींनी बाळं वाचवली. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समध्ये टेन बूम कुटुंबाने ज्यू लोकांना घरात लपवलं आणि 1944 मध्ये ते कुटुंब पकडलं गेलं, त्यांनी शिपायांना खरं सांगायला हवं होतं का यावर विश्वासू माणसं आजही वेगवेगळं बोलतात, संत अगस्तीनचं मत तर असं की कुठलंच खोटं चालत नाही. तो प्रश्न खरंच अवघड आहे. पण त्या सगळ्यांनी दुसऱ्यासाठी धोका पत्करला. आपण इथे दुसऱ्याच्या खिशातून काढून आपला धोका कमी करतोय. राहाबला मध्ये आणू नका.

धंदा करायचा की नाही, तर करायचाच. लुदिया जांभळी वस्त्रं विकायची, पौल तंबू शिवायचा.

मसाला_मार्केट_वाशी

मी वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत आहे, माल मीच उतरवतो आणि लाईनला देतो, म्हणून थोडं धंद्याचं बोलतो. मी पण विश्वासी आहे पण वचनं काकांनी सांगितली, तेवढी मला येत नाहीत.

ताई, लाईन असंच करते हे अर्धंच खरं आहे. करणारे आहेत, न करणारे पण भरपूर आहेत, फक्त ते बोलत नाहीत. आणि कायद्याने सुद्धा पैसे निव्वळ मालाचे घ्यायचे असतात, डब्याचे नाही. 2009 चा वैधमापन कायदा आहे, इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी करून सील मारून घ्यावं लागतं, तुमच्या काट्याचं सर्टिफिकेट चालू आहे का तेही बघून घ्या. वैधमापनवाले गिऱ्हाईक बनून येतात आणि दिवाळीत तर हमखास फिरतात.

वजनापेक्षा मोठी गडबड मी ग्रेडमध्ये बघतो. काजूचा 240 नंबर म्हणजे एका पाउंडात, 454 ग्रॅममध्ये, साधारण 220 ते 240 दाणे. 320 नंबर म्हणजे दाणे बारीक, त्यामुळे तेवढ्याच वजनात जास्त बसतात. 320 चा माल 240 च्या बरणीत ओतला की किलोमागे चांगलाच फरक सुटतो आणि घरगुती गिऱ्हाईकाला काही कळत नाही. काटा एकदम बरोबर, पावती बरोबर, आणि तरी फसवणूक. भाऊजी आज डब्यावर आलेत, अजून दोन सीझननी इथे येतील, मी पोरं अशीच बिघडताना बघितलीत. म्हणून आत्ताच थांबवा.

उपाय सांगतो. डबा फुकट देऊ नका ना! डब्याचे दहा-पंधरा रुपये वेगळे लावा, बिलावर वेगळी लाईन टाका, ज्याला नको तो साध्या पिशवीत नेईल. काट्याचा डिस्प्ले गिऱ्हाईकाकडे फिरवा आणि शून्य त्याच्या डोळ्यांसमोर करा. आणि काउंटरवर पाटी लावा, वजन डब्याशिवाय. घणसोलीवाले भाऊ म्हणतात गिऱ्हाईक बघायला थांबत नाही, पण पाटी दिसली की थांबतं, मग ते शेजारच्या दुकानात जाऊन पण विचारतं. जुने बदाम वेगळ्या बरणीत ठेवून मागच्या हंगामाचे असं लिहून भाव कमी करा, मिठाईवाले आणि केकवाले उचलतात, मीच तुम्हाला दोन पार्ट्या देईन.

मसुंदा_तलाव_ठाणे

जय ख्रिस्त. मी कॅथलिक आहे, ठाण्याला तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चला जाते, तेव्हा आमच्या बाजूने थोडंसं. योहान बाप्तिस्त्याकडे लोक आले आणि आम्ही काय करू विचारलं, तर त्याने कोणालाच कामधंदा सोडायला सांगितला नाही (लूक 3). जकातदारांना म्हणाला ठरलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना म्हणाला दमदाटी करून पैसे काढू नका, पगारात भागवा. पश्चात्तापाची फळं द्या म्हणाला आणि ती फळं म्हणजे अशी, रोजच्या कामातली. भाऊजींना हे सांगून बघा, त्यांना वाटतंय तुम्ही दुकान बंद करायला सांगताय.

आमच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकात, 2409 क्रमांकाला लिहिलंय की दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन जास्त पैसे काढणं हे चोरीच्या आज्ञेविरुद्ध आहे. म्हणजे हे नुसतं खोटं बोलणं नाही, त्यात चोरी पण आली. आमच्या मोजणीत ती सातवी आज्ञा, तुमच्याकडे आठवी.

भांडणाचं विचारलंत. मत्तय 18:15 चा क्रम धरा, आधी एकट्यात बोला. मला वाटतं भाऊजींशी नाही, आधी मिस्टरांशी. जो गप्प बसतो त्याला बरेचदा आतून पटलेलं असतं पण धाकट्या भावासमोर बोलता येत नाही. सासरे असतील तर त्यांना पण बसवा, पद्धत त्यांची होती. आणि भाऊजींच्या हातात हिशोबाची वही द्या, भाडं-पगार त्यांना दिसू दे, त्यांची भीती खरी आहे ती उडवून लावू नका. इफिसकरांस 4 मध्ये प्रीतीने सत्याला धरून राहा असं आहे, नुसतं सत्य बोला असं नाहीये. चारचौघात त्यांना चोर म्हटलंत तर ते डबा सोडणार नाहीत, चर्च सोडतील.

कोपरखैरणेची_सून

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर मिस्टरांशी बोलले, ठाण्याच्या ताई म्हणाल्या तसंच निघालं, त्यांना पहिल्या दिवसापासून टोचत होतं. आमोस मी वाचून दाखवला नाही, त्यांनी स्वतःच काढून वाचला. डब्याचे वेगळे पैसे ही आयडिया भाऊजींना पण मान्य होईल असं वाटतंय कारण त्यात तोटा नाही, बदामावरून मात्र अजून घासाघीस होणार. सासरे गावाला आहेत, आले की बसणार आहोत.

आता एकच राहिलं. दिवाळीत जो माल गेला त्याचं काय करायचं? महापे-तुर्भेच्या कंपन्यांच्या ऑर्डरी होत्या त्यांची बिलं आहेत आमच्याकडे, बाकी रस्त्यावरची गिऱ्हाईकं कोण होती काही कळायला मार्ग नाही. भाऊजी म्हणतात झालं गेलं गंगेला मिळालं.

घणसोली_प्रॅक्टिकल

परत द्यायचं? कंपनीला फोन करून सांगणार की आम्ही वजन कमी दिलं होतं? नाव जाईल ताई. पुढचं नीट करा आणि विषय संपवा असं मला वाटतं.

मसुंदा_तलाव_ठाणे

भाऊ, तेवढ्याने संपत नाही. पापनिवेदनाला गेलं तर फादर सुद्धा विचारतात की जे घेतलं ते परत केलंस का. कॅटेकिझम 2412 मध्ये याच ठिकाणी जकातदार जक्कयाचं नाव आहे. तो झाडावरून उतरला आणि उभा राहून म्हणाला ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट देतो. येशूने त्याला तारण आलं म्हटलं ते या शब्दानंतर. ज्यांचं नाव-पत्ता माहीत आहे त्यांना द्यायचं, ज्यांचा पत्ताच लागत नाही त्यांचा वाटा गरिबांना द्यायचा, आमच्याकडे जुन्या काळापासून असंच शिकवतात. आणि तो वाटा तुमच्या दानधर्मात धरायचा नाही, ते दान नाही, ते देणं आहे.

सानपाडा_जुना

बरोबर बोललात ताई. जक्कयाने मनाने चौपट दिलं, पण नियमशास्त्रात लेवीय 6 आणि गणना 5 मध्ये हिशोब दिलाय, घेतलं तेवढं पूर्ण परत आणि वर पाचवा हिस्सा. कंपन्यांचं सोपं आहे, बिलं आहेत. किलोमागे साठ ग्रॅम कमी गेले, पाचवा हिस्सा म्हणजे बारा, बहात्तर ग्रॅम प्रत्येक किलोला. नाताळच्या डिलिव्हरीबरोबर तेवढा माल वेगळ्या पाकिटात द्या आणि बिलावर स्वच्छ लिहा, दिवाळीच्या ऑर्डरीत कमी गेलेलं वजन. भेट म्हणून मात्र लिहू नका, नाहीतर त्यांचंच त्यांना देऊन वरून आभार घेतल्यासारखं होईल. नाव जाण्याबद्दल, मला वाटतं परचेसवाला माणूस दोन मिनिटं कागदाकडे बघत बसेल, पण पुढच्या दिवाळीला ऑर्डर कोणाला द्यायची हे त्याला विचारावं लागणार नाही. आणि समजा ऑर्डर गेलीच, तरी द्यायचंच आहे.