तापमानानुसार बदलणारा छताचा लेप: विदर्भातल्या घराला तो हवा, की चुनाच पुरे?

गच्चीकर (धागाकर्ता):
मे महिन्यात पारा ४५ च्या वर, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ८ ते १०. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला तर तो ३.५ पर्यंत उतरला होता. अशा मुलखात छत बारमाही पांढरं ठेवणं म्हणजे हिवाळ्यात अंगावरचं पांघरूण काढून घेणं, असं माझं मत आहे. चुना ऊन परतवतो, हे खरं. पण आतली उष्णता आकाशाकडे सोडण्याची त्याची क्षमताही (० ते १ च्या मापात) ०.९ च्या आसपास असते, आणि ती थंडीच्या रात्रीही तेवढीच राहते. आपल्याकडे हिवाळ्यातलं आभाळ कोरडं, निरभ्र. अशा रात्री उघडा पृष्ठभाग दर चौरस मीटरला ८०-१०० वॅट सहज गमावतो.

डिसेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या जुनच्याओ वू यांच्या गटाने यावर उपाय मांडला. व्हॅनेडियम डायऑक्साइड हा पदार्थ सुमारे ६८ अंशांवर आपला गुणधर्म बदलतो, त्याच्या वर तो धातूसारखा वागू लागतो. थोडं टंगस्टन मिसळलं की हा उंबरठा २२ अंशांवर येतो. त्यापासून केलेला लेप २२ च्या वर ०.९ क्षमतेने उष्णता सोडतो, आणि खाली गेला की ०.२ वर थांबतो. वीज लागत नाही, बटण लागत नाही. घरकुल योजनेतल्या नव्या स्लॅबसाठी आपण हेच मागायला हवं.

टिन-कवेलू:
भाऊ, लेपाचं शास्त्र बरोबर आहे, पण हिशेब अर्धाच मांडलात. या लेपाची बदलते ती फक्त उष्णता सोडण्याची क्षमता. ऊन शोषण्याचं प्रमाण बाराही महिने साधारण ०.२५ च राहतं. म्हणजे हिवाळ्यातलं दुपारचं ऊन तो जास्त घेत नाही. शिवाय आपल्याकडे जानेवारीतही दुपार २६-२८ अंशांची. उन्हात छत २२ च्या वर गेलं की लेप लगेच उष्णता सोडायला लागतो, म्हणजे रात्रीसाठी साठवायची तेव्हाच.

आता मे महिना बघा. दुपारचं ऊन दर चौरस मीटरला ९०० ते १००० वॅट. गंजकं टिन त्यातलं सत्तर टक्के खातं, ताजा चुना लावलेलं छत पंचवीस-तीस टक्के. १५ बाय २० फुटांचं छत म्हणजे २८ चौरस मीटर. फरक दर चौरस मीटरला ४०० वॅट धरला तर छतावरच ११ किलोवॅट उष्णता अडली. हा फायदा चुना आणि तुमचा लेप दोघेही जवळपास सारखाच देतात. लेपाचा स्वतःचा, वेगळा फायदा उरतो तो फक्त थंडीच्या दोन-अडीच महिन्यांच्या रात्रींपुरता. तेवढ्यासाठी अख्खं छत महागड्या वस्तूने का मढवायचं?

गच्चीकर:
मे महिन्यात दोघं सारखे, हे मान्य. पण त्या रात्रींना कमी लेखू नका. ०.९ आणि ०.२ मधला फरक धरला तर दर चौरस मीटरला ६० वॅट वाचतात. घरकुलाच्या २५ चौरस मीटरला दीड किलोवॅट. म्हातारी माणसं, तान्ही लेकरं ज्या खोलीत झोपतात तिथे चूल किंवा शेगडी पेटवून दारं बंद करतात, आणि धूर कोंडतो. माझा आग्रह त्या खोलीसाठी आहे.

टिन-कवेलू:
ते दीड किलोवॅट पूर्ण खोलीतून जात नाहीत, म्हणून खोलीत पूर्ण वाचतही नाहीत. पृष्ठभाग हवेपेक्षा गार झाला की वरची हवाच त्याला उष्णता देऊ लागते, आणि नुकसानीचा मोठा वाटा तिथून भरून निघतो. टिनाच्या घरात तर वळचणीच्या फटीतून वारा थेट आत येतो. आधी फटी बुजवा, मग लेपाचं बोला. स्लॅबची गोष्ट वेगळी, हे मीही मानतो. चार-पाच इंचांचं काँक्रीट दिवसभराची उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे वरून गळती कमी झाली तर पहाटेपर्यंत फरक पडेल.

मिस्त्रीकाम:
मला टिकाऊपणाचं बोलायचं आहे, कारण छतावर वस्तू चढवणाऱ्याला तेच भोगावं लागतं. हा लेप डब्यातून ब्रशने लावायचा रंग नव्हे. खाली चांदीचा थर, त्यावर बेरियम फ्लोराइड, त्यात रुतवलेले व्हॅनेडियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म तुकडे, असा तो पातळ पापुद्रा आहे. व्हॅनेडियम डायऑक्साइडला हवा-ओलावा लागला तर ते आणखी ऑक्सिजन घेऊन हळूहळू व्हॅनेडियम पेंटॉक्साइड बनतं आणि बदलण्याचा गुण संपतो. आपल्या छतावर वाळवण घालतात, तुराट्या-पऱ्हाट्या रचतात, माकडं उड्या मारतात. एक ओरखडा पडला की पाणी आत शिरलंच.

आणखी एक सावधगिरी. 'तापमानाने रंग बदलणारा' म्हणून जे रंग मिळतात, त्यात बहुधा सेंद्रिय रंगद्रव्य असतं. ते उन्हातल्या अतिनील किरणांनी उतरतं. त्याचा आणि वरच्या लेपाचा संबंध नाही. दोन्ही एक समजून कोणी पैसे घालवू नयेत.

स्लॅबला चुना लावायचा तर असा. १ किलो कळीच्या चुन्याला साधारण ५ लिटर पाणी. विरवताना पाण्यात चुना घालायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून डोळ्यांत जातं. २४ तास मुरू द्यायचा, मग जाड्याभरड्या कापडातून गाळायचा. दर १० लिटरला ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा. नीळ घालू नका. नजरेला पांढरं जास्त दिसतं, पण निळीने ऊन थोडं जास्त शोषलं जातं. स्लॅबवरचं शेवाळ ब्लीचिंग पावडरने काढून, भेगा भरून, पृष्ठभाग ओला करून तीन हात द्या, एक आडवा, एक उभा, पुन्हा आडवा.

चूक होते ती वेळेची. लोक मे महिन्यात भरदुपारी लावतात. चुन्याला घट्ट व्हायला ओलावा आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दोन्ही लागतात. तापलेल्या स्लॅबवर पाणी दहा मिनिटांत उडतं आणि वर नुसती भुकटी उरते, ती पहिल्या वावटळीत जाते. फेब्रुवारीअखेर, संध्याकाळी लावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हलकं पाणी शिंपडा.

नव्या टिनावर मात्र चुना नको. जस्ताला तो धरत नाही, पापुद्रे सुटतात. साधा तेलरंगही नको, जस्ताशी त्याची साबणासारखी प्रक्रिया होऊन तो सोलून निघतो. जस्ती पत्र्याचा प्रायमर आणि त्यावर पाण्यातला पांढरा ॲक्रिलिक, एवढंच टिकतं.

वळचण:
सगळे वरच्या बाजूचंच बोलत आहात. टिनाच्या घरात खालची बाजू जास्त कामाची. तापलेलं टिन खोलीवर उष्णता फेकतं. टिनाखाली ॲल्युमिनियमची चकचकीत फॉइल आणि तिच्याखाली तीन-चार इंच पोकळी सोडून बांबूचा तट्टा लावा, फॉइलची चमकती बाजू पोकळीकडे असावी. फॉइल तट्ट्याच्या वर पसरली तर तिच्यावर धूळ साचून वर्षभरात गुण जातो. म्हणून ती टिनाच्या पोटाशीच, खाली तोंड करून बांधा आणि तट्टा तिच्याखाली चार इंच सोडून. उन्हाळ्यात उष्णता वरून खाली येते, तेव्हा पोकळीतली हवा जागच्या जागी राहते आणि फॉइल खूप काम करते. हिवाळ्यात उष्णता खालून वर जाते, हवा फिरते, फायदा कमी होतो, पण राहतो. पहाटे टिनाला खालून दव धरून थेंब पडतात, तेही तट्ट्यावरच अडतात.

कवेलूच्या घराला हे सगळं नको. कवेलू फेरताना खाली गवत नीट दाबा, तेच पुरे.

गच्चीकर:
टिनासाठी लेपाचा आग्रह मी मागे घेतो, फॉइल तिथे जास्त योग्य. स्लॅबसाठी माझं मत कायम आहे, मात्र लेप डब्यात, ब्रशने लावता येईल असा मिळेपर्यंत चुनाच लावावा, हे मिस्त्रीकाम यांचं म्हणणं बरोबर आहे.

आणि असा लेप घेऊन कोणी दारात आलं, तर पडताळणी अशी करा. दोन सारख्या, दोन बाय दोन फुटांच्या सिमेंटच्या फरशा घ्या. एकीला त्यांचा लेप, दुसरीला चुना. दोन्हींखाली थर्मोकोल, बाजूंनाही थर्मोकोल, आणि फरशीच्या पोटाशी मध्यभागी तापमापीचा खिळा चिकटवा. उघड्यावर, भिंत-झाडाची सावली येणार नाही अशा जागी ठेवा. मे महिन्यात दुपारी २ ला आणि जानेवारीत पहाटे ५ ला, निरभ्र दिवस निवडून सलग चार-पाच दिवस वाचन घ्या. ढगाळ रात्रीचं वाचन गाळा, तेव्हा आकाश फारशी उष्णता घेत नाही. दुरून तापमान दाखवणाऱ्या बंदुकीवर विसंबू नका. ती ०.९५ क्षमता गृहीत धरून आकडा देते, आणि ०.२ झालेल्या लेपावर गार आभाळाचं प्रतिबिंब वाचून भलतंच कमी दाखवते. पहाटेच्या वाचनाला ती वापरायचीच असेल, तर फरशीच्या एका कोपऱ्याला काळी इन्सुलेशन टेप चिकटवून त्या टेपवर नेम धरा.